टीएमटी रखडली, शिकलेल्या हातांचं काय?

पुणे, डिसेंबर २०२५

प्रति,
माननीय डॉ. जितेंद्र सिंह,
केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार),
नवी दिल्ली



पत्र मराठीत लिहितो आहे. आपल्या कार्यालयात त्याचं भाषांतर करून घ्यावं लागेल, त्याबद्दल क्षमस्व. पण ज्यांनी हे पत्र वाचावं असं वाटतं, त्यातली बरीच माणसं भोसरी, चाकण, नाशिक, वालचंदनगर अशा ठिकाणी राहतात आणि मराठीच वाचतात. मी स्वतः खगोलशास्त्रज्ञ नाही. मोटर, सेन्सर आणि फीडबॅक यांच्यात नोकरी करून निवृत्त झालेला नियंत्रण अभियंता आहे. मोठ्या दुर्बिणींचा नाद लागला तोही ताऱ्यांमुळे नव्हे, त्यांच्या आरशामागच्या यंत्रणेमुळे.

विषय थर्टी मीटर टेलिस्कोपचा, म्हणजे टीएमटीचा. सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १३०० कोटी रुपये मंजूर करून भारताला या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भागीदार केलं. आपला वाटा साधारण एक दशांश. त्यातला मोठा भाग रोख नव्हे, वस्तूंच्या रूपात द्यायचा ठरला: आरशाचे घासून तयार केलेले तुकडे, त्यांचे आधार, त्यांना हलवणारे अ‍ॅक्च्युएटर, कडेचे संवेदक आणि सॉफ्टवेअर. बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची आयुका आणि नैनितालची एरीज या तीन संस्थांनी काम अंगावर घेतलं. पैसा आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा आणि अणुऊर्जा विभागाचा. हे दोन्ही विभाग आपल्याच कार्यकक्षेत येतात, म्हणून हे पत्र दुसऱ्या कुणाला लिहिण्यात अर्थ नव्हता.

२०२५ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेने आपला कौल दिला. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने जायंट मॅगेलन टेलिस्कोपला अंतिम आराखड्याच्या टप्प्यावर नेलं आणि टीएमटीला मागे ठेवलं. जुलैत स्पेनने टीएमटी ला पाल्मा बेटावर आणा, आम्ही ४० कोटी युरो देतो, असं जाहीर केलं. पुढे काय होईल ते वॉशिंग्टन, माद्रिद, टोकियो, ओटावा आणि हवाई ठरवतील. आपल्या हातात त्यातलं फार थोडं आहे. या कामात भारतात जी माणसं तयार झाली त्यांचं काय करायचं, हे मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे. माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच आहे.

ही माणसं नेमकं काय शिकली, ते आधी सांगतो. वर्तमानपत्रांत 'तीस मीटरचा आरसा' एवढंच छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, कुठेतरी एक भलीमोठी काच ओतली जात असेल. तशी काच ओतता येत नाही, ओतली तरी घाटावरून नेता येत नाही. टीएमटीचा आरसा ४९२ षटकोनी तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकडा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १.४४ मीटर, जाडी ४५ मिलिमीटर, दोन तुकड्यांमधली फट अडीच मिलिमीटर. तुकडे एकमेकांना चिकटवलेले नाहीत. प्रत्येक जण आपापल्या तीन पायांवर स्वतंत्र उभा आहे, आणि ४९२ जणांनी मिळून एकाच अखंड वक्र पृष्ठाचं सोंग रात्रभर वठवायचं आहे.

सोंग किती चोख हवं? प्रकाशाच्या तरंगलांबीच्या छोट्याशा अंशाइतकं. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५०० नॅनोमीटर. शेजारच्या दोन तुकड्यांच्या पातळीतला फरक त्याच्याही कितीतरी पट खाली, काही नॅनोमीटरवर, ठेवावा लागतो. तो साधला नाही तर दुर्बीण बंद पडत नाही, आणि खरी फसगत इथेच आहे. प्रकाश तेवढाच गोळा होतो, प्रतिमाही दिसते, पण तिचा रेखीवपणा १.४४ मीटरच्या आरशाएवढाच राहतो. म्हणजे तीस मीटरचा खर्च करून हातात पडते दीड मीटरच्या आतली नजर. दुर्बिणीचं मोठेपण काचेत जेवढं असतं तेवढंच ते या ताळमेळात असतं, आणि ताळमेळ हा नियंत्रण प्रणालीचा विषय आहे.

ही कल्पना कॅलिफोर्नियाच्या जेरी नेल्सन यांची. १९७० च्या दशकात त्यांनी ती मांडली तेव्हा शहाण्यासुरत्या लोकांनी नाकं मुरडली. हवाईतल्या केक दुर्बिणीत त्यांनी ती खरी करून दाखवली: दहा मीटरचा आरसा, ३६ तुकडे, १०८ अ‍ॅक्च्युएटर, १६८ संवेदक. टीएमटीमध्ये १४७६ अ‍ॅक्च्युएटर आणि २७७२ संवेदक लागतात.

तुकडा घासण्याची पद्धतही नेल्सन आणि त्यांचे सहकारी जेकब लब्लिनर यांच्या डोक्यातून निघालेली. मोठ्या आरशाचा परवलयाच्या जातीचा आकार जसजसं मध्यापासून बाहेर जावं तसतसा गोलापासून दूर जातो, आणि बाहेरच्या तुकड्यांना वेडावाकडा, एका बाजूला कललेला आकार द्यावा लागतो. असा आकार थेट घासणं महाकठीण. गोलाकार खड्डा घासणं मात्र सोपं. मग त्यांनी काय केलं? गोल चकतीच्या कडेला तरफा लावून, वजनं टांगून चकती मुद्दाम वाकवली, वाकलेल्या स्थितीत ती साध्या गोलाकारात घासली आणि वजनं काढून घेतली. काच आपल्या मूळ ताणात परतते आणि हवा तो वाकडा आकार आपोआप येतो. टीएमटीत असे ८२ प्रकारचे तुकडे आहेत, प्रत्येकी सहा. म्हणजे ८२ वेगवेगळ्या तऱ्हांनी काच वाकवायची. बेंगळुरूजवळ होसकोटे इथे खगोलभौतिकी संस्थेच्या आवारात याच कामासाठी कारखाना उभारला गेला. त्यातला बारकावा एकच सांगतो. गोल चकती षटकोनी कापली की काचेत दडलेला ताण मोकळा होतो आणि मेहनतीने घासलेला आकार पुन्हा थोडा बिघडतो. केकच्या वेळी अमेरिकन लोकांना हा धडा महागात पडला होता. शेवटी आयनांच्या झोताने अणू-अणू खरवडून तो आकार जागेवर आणावा लागला. असल्या गोष्टी आराखड्यात लिहिलेल्या असतात, पण कळतात त्या हात घातल्यावरच.

आता माझ्या आवडीचा भाग: संवेदक आणि अ‍ॅक्च्युएटर.

कडेचा संवेदक म्हणजे दोन अर्ध्या भागांची जोडी. एक अर्धा एका तुकड्याच्या पाठीला, दुसरा शेजारच्या तुकड्याच्या पाठीला. दोघांवर धातूचा पातळ थर, मध्ये हवेची बारीक फट. एक तुकडा किंचित वर-खाली झाला की या जोडीची विद्युत धारकता बदलते आणि त्या बदलावरून पातळीतला फरक कळतो. सांगायला सोपं. पण हवेतला दमटपणा बदलला, तापमान घसरलं, धुळीचा कण बसला, तरी धारकता बदलते. संवेदकाला यातलं काही ओळखता येत नाही, तो आकडा देत राहतो. भारताच्या वाट्याला आलेले संवेदक पुदुच्चेरीत तयार होऊ लागले. महिनोन् महिने न भटकणारा नॅनोमीटरचा आकडा देणारं यंत्र बनवणं म्हणजे काय, हे आपल्या देशात मोजक्याच लोकांना माहीत आहे, आणि त्यातले काही तिथे आहेत.

अ‍ॅक्च्युएटरची गोष्ट अधिक रंजक आहे. केकने मळसूत्राचा, ताठ अ‍ॅक्च्युएटर वापरला: मोटर फिरली की टोक सरकतं आणि तिथेच घट्ट राहतं. टीएमटीने 'सॉफ्ट' अ‍ॅक्च्युएटर निवडला. यात लाऊडस्पीकरच्या पडद्यामागे असते त्या जातीची व्हॉइस कॉइल असते. ती स्वतःहून काहीच धरून ठेवत नाही. फीडबॅक सतत चालू असतो म्हणून तुकडा जागेवर राहतो. वजन पेलायला स्प्रिंग, आणि दुर्बीण कलली की त्या स्प्रिंगचा भार हळूहळू जुळवून घेणारी छोटी मोटर, म्हणजे कॉइलला कमीत कमी प्रवाह लागावा. कारण प्रवाह म्हणजे उष्णता, आणि आरशाखाली उष्णता म्हणजे त्याच्या वर थरथरणारी हवा. प्रतिमेचा तिथेच निकाल लागतो.

आणखी एक पेच आहे, जो फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाला घाम फोडतो. हे १४७६ अ‍ॅक्च्युएटर एकाच पोलादी सांगाड्यावर बसलेले असतात. प्रत्येकाचं वर्तन स्वतंत्रपणे तपासलं तर उत्तम, स्थिर. पण एकाने ढकललं की सांगाडा किंचित वाकतो, ते शेजाऱ्याला जाणवतं, तो उलट ढकलतो, आणि सगळे मिळून सांगाड्याला त्याच्या नैसर्गिक कंप्रतेवर झुलवायला लागतात. एकेक भाग पास, एकत्र केले की नापास. हे आधी गणिताने पकडावं लागतं, डोंगरावर चढवल्यावर पकडून उपयोग नाही.

आणि एवढं करूनही संवेदकांच्या नजरेतून एक चूक निसटते. लेझीम पथकातल्या प्रत्येक मुलाने फक्त आपल्या डावी-उजवीकडच्या मुलाशी खांदा जुळवायचा ठरवला, तर प्रत्येकाच्या लेखी रांग सरळ असते, आणि बघणाऱ्याला मात्र ती पूर्ण कमानीसारखी वाकलेली दिसते. आरशातही तसंच होतं. प्रत्येक जोडीत नगण्य चूक, पण सगळीकडे एकाच दिशेची. ती बेरीज होत होत सबंध आरशाची वक्रता बदलते. कडेच्या संवेदकांना ती जवळजवळ दिसतच नाही. म्हणून शेवटचा निवाडा ताऱ्याच्या प्रकाशाने करावा लागतो. दर काही आठवड्यांनी एका ताऱ्याचा प्रकाश वेगळ्या कॅमेऱ्यात घेऊन प्रत्येक तुकडा बिनचूक जागी आणायचा, त्या क्षणी संवेदक जे आकडे दाखवतील ते टिपून ठेवायचे, आणि पुढच्या वेळेपर्यंत नियंत्रण प्रणालीने तेच आकडे राखायचे. खरं काय ते संवेदकाला ठाऊक नसतं. त्याला जे 'खरं' म्हणून सांगितलंय, ते तो इमानदारीने धरून बसतो.

शिवाय तुकड्यांवरचा परावर्तक थर दोनेक वर्षांत निस्तेज होतो. म्हणजे महिन्याला सरासरी वीस तुकडे उतरवायचे, नवा थर दिलेले बसवायचे आणि त्यांना नव्या शेजाऱ्यांशी जुळवायचं. हे काम दुर्बीण असेपर्यंत चालणार.

वातावरणाची थरथर काढून टाकणारी अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स हा वेगळा, याहून वेगाने पळणारा विषय. टीएमटीची ती यंत्रणा कॅनडाच्या वाट्याची, उणे ३० अंशांत चालणारी, सेकंदाला शेकडो वेळा आरशाची त्वचा बदलणारी. आयुकाने गिरवलीच्या दोन मीटर दुर्बिणीसाठी कॅल्टेकबरोबर याची छोटी आवृत्ती हाताळली आहे. इथे एवढंच पुरे.

हे सगळं न जमल्यावर काय होतं, याचं उदाहरण फार लांबचं नाही. दक्षिण आफ्रिकेत सदरलँडला सॉल्ट नावाची दुर्बीण आहे, ९१ तुकड्यांची. तिच्यात आयुकाची भागीदारी आहे, म्हणजे पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणं करतात. २००५ मध्ये तिचं उद्घाटन झालं, पण तिचे कडेचे संवेदक दमट हवेपुढे टिकले नाहीत. धारकतेवर चालणारे, वर सांगितले त्याच जातीचे. मग शेजारच्या एका मनोऱ्यावरून आरसा तपासून तुकडे जुळवायचे आणि तापमान उतरेल तशी ती जुळणी विस्कटत जाताना पाहायची, असं वर्षानुवर्षं चाललं. पुढे प्रेरकत्वावर, म्हणजे चुंबकीय जोडणीवर, चालणारे नवे संवेदक बसवले तेव्हा कुठे आरसा स्वतःहून जुळलेला राहू लागला. युरोपच्या ३९ मीटरच्या ईएलटी दुर्बिणीसाठीही प्रेरकत्वाचेच संवेदक निवडले गेले आहेत. ७९८ तुकड्यांच्या आरशात दमट हवेशी जुगार खेळायला कोण तयार होईल?

आता घरचा इतिहास. तो थोडा कडू आहे.

तमिळनाडूत कावलूरला २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण आहे. १९८६ मध्ये ती देशाला अर्पण झाली. काचेची चकती जर्मनीची, पण ती घासली आपल्या लोकांनी, खगोलभौतिकी संस्थेच्या प्रयोगशाळेत. आणि तिचा पोलादी देह घडला इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात. साखर कारखान्यांची यंत्रं करणाऱ्या हातांनी आशियातल्या त्या वेळच्या मोठ्यांत गणल्या जाणाऱ्या दुर्बिणीचा सांगाडा केला. पुणे जिल्ह्यात आज हे किती जणांना माहीत आहे, कोण जाणे. शाळेच्या पुस्तकात तरी मला ते कधी दिसलं नाही.

त्यानंतर? लडाखमधल्या हानलेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण अमेरिकेतून आली. गिरवलीची दोन मीटरची ब्रिटनमधून आली. देवस्थळची ३.६ मीटरची, जी आजही आपल्या सर्वांत मोठ्या प्रकाशीय दुर्बिणींपैकी एक आहे, ती बेल्जियमहून आली. २०१६ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी ब्रुसेल्समध्ये बसून तिचं उद्घाटन केलं. या दुर्बिणी चांगल्या आहेत, त्यांच्यावर चांगलं विज्ञान होतं. खरेदीत गैर काही नाही. पण ज्या देशाने १९८६ मध्ये २.३४ मीटरची घरी केली, त्याला पुढे दोन मीटरचीही विकत घ्यावी लागली, ती का? कारण कावलूरनंतर त्या माणसांना पुढचं, थोडं मोठं काम मिळालं नाही. माणसं निवृत्त झाली, कारखाने दुसऱ्या मालाकडे वळले.

त्याच सुमारास, १९८९ मध्ये, युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीने चिलीत ला सिया इथे ३.५८ मीटरची एनटीटी दुर्बीण सुरू केली. रेमंड विल्सन यांनी तिच्या पातळ आरशाखाली अ‍ॅक्च्युएटर बसवून आकार चालू कामात सुधारायची पद्धत बसवली. तीच माणसं, तीच पद्धत घेऊन याच ऑब्झर्व्हेटरीने व्हीएलटी दुर्बिणीचे ८.२ मीटरचे चार आरसे केले. आणि आता ईएलटी. कावलूर आणि एनटीटी यांच्यात तीन वर्षांचं अंतर होतं. आज ते अंतर किती वर्षांचं आहे, याचा हिशोब आपणच करावा.

ही आपल्या रक्तातलीच खोट आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. नारायणगावजवळच्या खोडदला जा. गोविंद स्वरूप यांनी तिथे ४५ मीटरच्या तीस तबकड्या उभ्या केल्या, जाळी आणि दोरांच्या स्वस्त, हलक्या रचनेवर. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली आणि तिथली माणसं पांगली नाहीत. ती वर्षानुवर्षं तबकड्या चालवत राहिली, त्यांची नियंत्रण व्यवस्था सुधारत राहिली. परिणाम? दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या महाकाय रेडिओ दुर्बिणीची देखरेख-नियंत्रण यंत्रणा आखण्याच्या कामाचं नेतृत्व जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेकडे आलं. आपल्याच सरकारने त्या प्रकल्पाला १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. काम चालू राहिलं, म्हणून जगाने बोलावलं.

टीएमटीच्या माणसांपुढे आज कावलूरचा रस्ता आहे आणि खोडदचाही.

टीएमटीसाठी ठरलेल्या हवाईतल्या मौना केआ डोंगराबद्दल एक शब्द बोलायला हवा, कारण आपल्याकडे 'आंदोलकांनी प्रकल्प अडवला' असं सरसकट म्हणतात. तो डोंगर हवाईच्या मूळ रहिवाशांना पवित्र आहे. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला तो प्रक्रिया चुकली म्हणून. २०१८ मध्ये नवा परवाना उचलून धरला. २०१९ मध्ये वडीलधारी माणसं रस्त्यात बसली आणि त्यांनी अटक करवून घेतली. ज्या डोंगरावर आधीच डझनभर दुर्बिणी आहेत तिथल्या लोकांनी 'आता पुरे' म्हटलं, तर त्यांच्यावर रागावण्याचा हक्क मला तरी वाटत नाही. आपण त्या भांडणात नाही आणि त्यात पडूही नये. पण त्या भांडणाच्या निकालावर आपल्या अभियंत्यांचं आयुष्य टांगून ठेवणंही बरं नव्हे.

तर माझी सूचना अशी. हानलेला देशाची स्वतःची, दहा मीटरच्या वरची तुकड्यांची दुर्बीण उभारावी, असा प्रस्ताव खगोलशास्त्रज्ञांमध्ये बऱ्याच वर्षांपासून चर्चेत आहे. साडेचार हजार मीटर उंची, कोरडी हवा, स्वच्छ रात्री. तिथली चंद्र दुर्बीण होसकोट्याहून उपग्रहाच्या दुव्यावर गेली दोन दशकं चालवली जाते आहे, आणि तुकडे घासायचा कारखानाही त्याच होसकोटे आवारात आहे. टीएमटीसाठी भारताने जेवढे तुकडे करायचे होते तेवढेच, म्हणजे नव्वदच्या आसपास, १.४४ मीटरचे तुकडे जोडले तर गोळा करणारं क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस मीटर होतं. केकचं ७६ आहे. देवस्थळच्या ३.६ मीटरच्या आरशाच्या हे बारापट. अ‍ॅक्च्युएटर लागतील २७०, संवेदक पाचशेच्या घरात. तुकडा तोच, अ‍ॅक्च्युएटर त्याच घराण्याचा, सॉफ्टवेअरची चौकट तीच. टीएमटीच्या सामाईक सॉफ्टवेअरचा बराच भाग भारतात लिहिला गेला आहे आणि तो खुला आहे, कुणालाही वाचता-वापरता येतो.

यावर मंत्रालयात काय उत्तर मिळेल, त्याची कल्पना आहे. 'टीएमटीतून आपण बाहेर पडलो असा अर्थ निघेल.' का निघावा? टीएमटी उभी राहिली तर हेच तुकडे, हीच माणसं तिला अधिक पक्की होऊन मिळतील. दुसरं उत्तर: 'थेट नव्वद तुकड्यांवर उडी मारणं धोक्याचं.' हे मात्र मला मान्य आहे. सॉल्टचे संवेदक कागदावर उत्तमच होते. म्हणून आधी सात तुकड्यांची दुर्बीण करा. खगोलभौतिकी संस्थेने १.३ मीटरच्या, सात तुकड्यांच्या प्रायोगिक दुर्बिणीचा आराखडा प्रसिद्धही केलेला आहे. सात तुकडे म्हणजे २१ अ‍ॅक्च्युएटर. त्यात वर सांगितलेले सगळे पेच लहान रूपात येतात: संवेदकाचं भटकणं, सांगाड्याचं झुलणं, ताऱ्याच्या प्रकाशाने जुळणी. डोंगरावर एक हिवाळा काढलेला संवेदक आणि प्रयोगशाळेत पास झालेला संवेदक, यांत मी कुठला निवडेन ते सांगायला नको.

या कामात दोन गोष्टी सरकारी खाक्याने होता कामा नयेत. पहिली नेमणुकांची. अ‍ॅक्च्युएटर ट्यून करणारा मुलगा तीन-तीन वर्षांच्या प्रकल्प-कंत्राटावर असेल, तर तिसऱ्या वर्षी तो बेंगळुरूच्या एखाद्या चिप कंपनीत दिसेल, आणि तो जे शिकला ते कुठल्याही अहवालात नसेल. शास्त्रज्ञांना जशी कायम पदं आणि बढतीची शिडी आहे, तशी उपकरण-अभियंत्यांना हवी. हिंगोलीला औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे, २६०० कोटींची. तिथे आरशांचं हलणं याहूनही कैकपट सूक्ष्म पातळीवर आवरायचं आहे. ही माणसं तिथेही लागणारच. आज सोडून द्यायची आणि उद्या जाहिरात देऊन शोधायची, हा कुठला व्यवहार?

दुसरी गोष्ट निविदांची. सर्वांत कमी दराला काम, हा नियम खुर्च्या घेताना ठीक आहे. नॅनोमीटरचा संवेदक ज्याने पाच वर्षं चुकत-सुधारत केला, त्याला दोन रुपये जास्त म्हणून बाजूला सारलं तर पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून. भोसरी-चाकणमध्ये अतिअचूक मशिनिंग करणारे असे कारखानदार आहेत, ज्यांना पैशापेक्षा ऑर्डरच्या सातत्याची भूक आहे. दर दहा वर्षांनी एक प्रतिष्ठेची ऑर्डर येऊन त्यांचं पोट भरत नाही.

मागणं फार नाही. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आपण एक लेखी निवेदन दोन्ही सभागृहांपुढे ठेवावं: २०१४ पासून टीएमटीवर भारताने किती खर्च केला, किती तुकडे घासून तयार आहेत, किती अ‍ॅक्च्युएटर आणि संवेदक चाचणीत उतरले, या कामावर किती अभियंते-तंत्रज्ञ आहेत, त्यातले कायम किती, आणि मार्चनंतर त्यांच्याकडे कुठलं काम असणार आहे. आणि त्याच अर्थसंकल्पात सात तुकड्यांच्या दुर्बिणीसाठी तरतूद करून तिच्या पहिल्या प्रकाशाची तारीख जाहीर करावी. बाकी हानलेचा निर्णय ती दुर्बीण चालली की आपोआप सोपा होईल.

आपला नम्र,
पुण्यातील एक निवृत्त नियंत्रण अभियंता